मेळघाटात एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठं?

मे महिन्यात भाच्याला घेऊन परतवाड्याहून अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, चिखलदऱ्याला निघालो होतो. धामणगाव गढी मागे पडली, घाट लागला, आणि एका वळणावर पुढे पाण्याचा टँकर दिसला. पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत वर चढत होता. मागच्या झाकणातून सांडणाऱ्या पाण्याची ओली रेघ डांबरावर उमटत होती आणि आमची गाडी तिथं पोचेपर्यंत वाळूनही जात होती. भाचा बारावीला आहे, भूगोलात बरा आहे. म्हणाला, "मामा, चिखलदऱ्याले लय पाऊस पळते म्हनता तुम्ही. मंग टँकर खालून वर काऊन चाल्ला?"

"उतार आहे बाप्पा, वाहून जाते सारं," असं काहीतरी मी बोलून टाकलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उतार तर सगळ्याच डोंगरांना असतो. पूर्ण उत्तर द्यायचं तर हा डोंगर कशाचा बनलाय, कसा रचलाय आणि त्यावर जंगल काय काम करतं, तिथपासून सुरुवात करावी लागते. गाडीत ते जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी पावसाचा हिशोब. परतवाडा-अचलपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर आहे, चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास, आणि त्याच्याजवळचं वैराट हे सर्वांत उंच टोक १,१७८ मीटरचं. तास-सव्वा तासाच्या रस्त्यात आपण सातशे मीटरहून जास्त वर जातो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे खाली ४४ अंशांचा भट्टा असेल तेव्हा वर ३९-४०. मे महिन्यात तेवढाही फरक माणसाला देवासारखा वाटतो. पावसाळ्यात हीच उंची वेगळं काम करते. सपाटीवरून आलेल्या वाऱ्याला समोर डोंगराची भिंत लागते, त्याला वर चढावं लागतं. चढताना तो गार होतो आणि गार हवेला ओलावा अंगावर वागवता येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खाली नुसती भुरभुर असते तेव्हा वर दहा पावलांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही. चिखलदऱ्याला वर्षाकाठी साधारण १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पायथ्याच्या सपाटीवर त्याच्या निम्म्याच्या आसपास.

मिलिमीटर म्हटलं की डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून एकराचा हिशोब करून पाहा. एका एकरावर १,५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सहाशे टँकर, आणि तेही एका एकराला. मग एप्रिल उजाडता उजाडता गावातली विहीर तळ का दाखवते?

आता डोंगराच्या पोटात शिरू. चिखलदरा, सेमाडोह, धारणी, नरनाळा हा सगळा मुलूख सातपुड्याच्या गाविलगड रांगेत येतो आणि तो जवळजवळ पूर्ण लाव्ह्याच्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी फुटला असं नाही. लाव्हा पसरला, थंड झाला, काही काळ गेला, मग त्याच्यावर दुसरा पसरला. असे थरावर थर चढत गेले.

मला यासाठी भाकरीच्या चवडीइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आई ज्वारीच्या भाकरी करून टोपल्यात एकावर एक रचते, तसा हा डोंगर. आणि साम्य नुसत्या रचनेत नाही. भाकरी फुगते तेव्हा वाफेनं तिचा वरचा पदर सुटतो, खालची बाजू मात्र घट्ट राहते. लाव्ह्याचंही तसंच झालं. त्यातले वायूचे बुडबुडे वर वर सरकले आणि लाव्हा थिजला तेव्हा वरच्या भागात अडकून राहिले. त्यामुळे प्रत्येक थराचा माथा जाळीदार, ठिसूळ, आणि पोट काळ्या फत्तराचं, घणाला दाद न देणारं. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीजवळ गाडी थांबवून पाहा. काळपट दगडात पांढरे ठिपके दिसतील. ते बुडबुड्यांचेच खळगे आहेत, नंतरच्या काळात त्यांत पांढरी स्फटिकं भरली. त्याच दरडीत कधीकधी हात-दीड हात जाडीचा विटकरी पट्टा आडवा गेलेला दिसतो. एका थरानंतर दुसरा थर यायला हजारो वर्षं मधे गेली असली की पहिल्याचा माथा झिजून त्याची माती व्हायची, आणि वरून नवा तापलेला लाव्हा आला की ती भाजून निघायची. एका अर्थानं कुंभाराच्या आव्याशिवाय भाजलेली माती. ती चिकण असते, पाण्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही.

पाणी कुठं जातं याचं उत्तर इथंच सुरू होतं. पावसाचं पाणी मातीतून, मुरुमातून, जाळीदार पदरातून खाली उतरतं आणि तांबड्या पट्ट्यावर किंवा काळ्या फत्तरावर येऊन अडतं. फत्तराला भेग असेल तर त्यातून आणखी एक मजला खाली जातं, नसेल तर आडवं चालू लागतं. चालता चालता डोंगराच्या कडेला पोचलं की बाहेर पडतं. तोच झरा. म्हणूनच मेळघाटात झरे वाटेल तिथं नसतात. एकाच उंचीवर, डोंगराच्या कमरेला करगोटा बांधावा तसे ओळीनं सापडतात. उन्हाळ्यात अख्खी टेकडी करडी झालेली असते आणि तिच्या मधोमध एक आडवी हिरवी रेघ दिसते. तिथं उंबर असेल, जांभूळ असेल. त्या रेघेत एक थर संपतो आणि दुसरा सुरू होतो.

राहिला प्रश्न साठ्याचा. बेसाल्टमध्ये पाणी फार मावत नाही. झिजलेल्या, जाळीदार दगडातसुद्धा शंभर घागरी आकारमानाला वापरता येईल असं पाणी दोन-तीन घागरीच निघतं, आणि अखंड काळ्या फत्तरात भेगा सोडल्या तर काहीच नाही. टाकीच लहान असेल तर वरून सहाशे टँकर ओतून उपयोग काय! टाकी भरली की बाकीचं सांडतं. तेही चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत. शिवाय पठारावरच्या गावाची टाकी चारही बाजूंनी गळकी असते, कारण पठाराच्या कडा मोकळ्या आहेत. सपाटीवरच्या विहिरीला आजूबाजूच्या शिवारातून पाणी पाझरत येतं. पठारावरच्या विहिरीतून ते कड्याकडे निघून जातं. दिवाळीला तुडुंब दिसणारी विहीर होळीला कोरडी का, याला हेच कारण.

हे माहीत नसल्याचा फटका एका गावाला बसलेला मी पाहिलाय. गावाचं नाव राहू द्या. गाव पठाराच्या अगदी टोकाला. बोअरची गाडी आली, पुढाऱ्याच्या घरासमोर सोयीची जागा पाहून मशीन लावलं. तीनशे फुटांपर्यंत नुसता पांढुरका धुरळा निघाला, लोक तोंडाला दुपट्टे बांधून पाहत उभे राहिले. गावातला एक म्हातारा सकाळपासून सांगत होता की तिकडं खाली, डोंगराच्या सोंडेच्या पोटाला पाहा, तिथं जांभळी आहेत. त्याचं कुणी ऐकलं नाही. खालून बाहेर पडणारं पाणी वर कड्याच्या काठावर भोक पाडून सापडत नसतं, हे त्याला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

जुन्या किल्लेकरांनाही ही गोष्ट उमगलेली असणार. नरनाळा किल्ल्याच्या माथ्यावर शक्कर तलाव आहे. एवढी शिबंदी डोंगरावर ठेवायची तर झऱ्यांच्या भरवशावर राहून चालत नाही, पाणी माथ्यावरच, न गळणाऱ्या जागी अडवून ठेवावं लागतं. गाविलगडचा किल्ला इंग्रजांनी १८०३ च्या डिसेंबरात जिंकला तो तोफांनी. तहानेनं तो पडला नव्हता.

अकोट, अंजनगाव, परतवाडा या पट्ट्यातून उत्तरेकडे पाहिलं की डोंगर एखाद्या भिंतीसारखा उभा दिसतो. हळूहळू चढत गेलेला नाही, एकदम उठलेला. हे सरळपण उगाच आलेलं नाही. इथं जमिनीच्या पोटात एक मोठी चीर आहे, भूशास्त्रात तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. चिरेच्या उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली. खचलेल्या खोलगटात डोंगरातून वाहून आलेला गाळ लाखो वर्षं साचत गेला. तेच पूर्णेचं खोरं, तीच आपली काळी कपाशीची जमीन. दगड लागायला काही ठिकाणी शेकडो मीटर खाली जावं लागतं. या चिरेच्या आजूबाजूला एरवी लाव्ह्याखाली गाडला गेलेला जुना खडकही डोकं वर काढतो. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला शिवरात्रीच्या यात्रेला जाणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल की त्या परिसरातल्या खडकात डायनासोरची हाडं सापडली आहेत!

गाळाच्या या खोऱ्यात वरच्याच्या नेमकी उलट गत झाली. पोटात पाणी आहे, पण खारं. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागातला खारपाणपट्टा तो हाच. गाळाचा निचरा मंद, वरून उन्हाचा मारा, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत, तिथंच राहतात. मग या गावांना प्यायला पाणी कुठून? तर डोंगराच्या पायथ्याच्या शहानूर आणि वान धरणांतून. म्हणजे डोंगरावर पडलेलं पाणी खालचा माणूस पितो. ते बरंच आहे, माझं बालपणही त्याच पाण्यावर गेलं. पण डोंगरावरच्या गावाला तेच पाणी हवं असेल तर ते परत सातशे मीटर वर चढवायचं. पंपानं चढवा नाहीतर डिझेलनं. भाच्यानं पाहिलेला टँकर म्हणजे उतरलेला पाऊस पुन्हा वर नेण्याची हमाली.

नद्यांची एक गंमत सांगतो. चिखलदऱ्याच्या पठारावर दोन थेंब शेजारी शेजारी पडले असं समजा. एक दक्षिणेला कलला. तो चंद्रभागेत गेला. ही पंढरपूरची नव्हे, आपली चंद्रभागा, दर्यापूरच्या काठानं जाणारी. तिथून तो पूर्णेत गेला, अकोल्याजवळ गांधीग्रामच्या पुलाखालून निघाला, बुलडाण्याच्या सपाटीतून पश्चिमेला वळला. दुसरा उत्तरेला कलला. तो सिपनेत गेला, सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत तापीत पडला, बऱ्हाणपूरला वळसा घातला. इतकं फिरून दोघं कुठं भेटतात? जळगाव जिल्ह्यात चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटातल्या पाचही नद्या तापीच्याच. दक्षिणेकडच्या सापन, शहानूर, वान पूर्णेच्या, आणि पूर्णाही शेवटी तापीचीच. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ असं म्हणतात. मला तर तो पाण्याचाही वाटतो.

सिपना हे नाव इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतलं. कोरकूत सिपना म्हणजे साग. या नदीच्या दोन्ही काठांनी चाललात की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

आता जंगल. मेळघाटातलं जंगल पानझडीचं, कोरडं. कोकणातून आलेला पाहुणा मार्चमध्ये इथं आला तर म्हणतो, हे तर वाळलेलं आहे! वाळलेलं नाही, पाणी वाचवतंय. झाड पाण्याची वाफ पानांतून सोडतं. जमिनीतला ओलावा संपत आला की साग, सालई, मोई पानं टाकून देतात. पाणी येण्याचा मार्गच आटला तर खर्च बंद, हे कास्तकाराला समजावून सांगायला नको. झाडं लावली की झरे वाहतात असं जे सरसकट बोललं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. झाडं पाणी धरतातही आणि पितातही. जंगलाचं खरं काम असतं पाण्याला धावू न देणं. मुळं मुरुमात वाटा करतात, पडलेली पानं पाण्याचा वेग मोडतात, वाळवी आणि गांडुळं जमीन भुसभुशीत ठेवतात. पाणी उतारावरून धावण्याऐवजी चालायला लागलं की त्यातलं थोडं जास्त जमिनीत शिरतं. आणि आधी पाहिलंच की टाकी लहान आहे. अशा लहान टाकीला एकदम ओतलेल्यापेक्षा हळूहळू झिरपलेलं पाणी जास्त पुरतं.

कुठलं झाड कुठं उभं आहे यावरून खालची जमीन कळते. गावाकडची माणसं हे रोज वाचतात. दगडी, उघड्या सोंडेवर सालई, तिची पांढुरकी, कागदासारखी सोलणारी साल. पाण्याचा निचरा चांगला आणि माती बऱ्यापैकी खोल असेल तिथं साग. चिकण, पाणी तुंबणाऱ्या सपाटीत पळस. नाल्याच्या काठाला कहू, म्हणजे अर्जुन, त्याची मुळं थेट पाण्यात. आणि अगदी वर, हजार मीटरच्या आसपास, हिरडा आणि जांभूळ वाढतात, झाडांच्या अंगावर शेवाळ दिसतं. तिथं हवाच ओली. चिखलदऱ्याला कॉफी पिकते ती याच गारव्यावर. विदर्भात कॉफी, हे ऐकून बाहेरची माणसं अजूनही थट्टा समजतात.

सागाबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्याचं पान सुपाएवढं. पावसाचे बारके थेंब त्यावर पडतात, एकत्र होतात आणि मोठा टपोरा थेंब होऊन वीस-तीस फुटांवरून खाली आदळतात. खाली गवत आणि पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर तो थेंब माती उडवतो, बारीक माती जमिनीची छिद्रं बुजवते, आणि मग पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. म्हणून उन्हाळ्यातला वणवा झाडापेक्षा झऱ्याला जास्त मारतो असं माझं मत आहे. मोठा साग आगीतून वाचतो, पाचोळा वाचत नाही. मोहफुलं वेचताना झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून लावलेली बारीकशी आग वाऱ्यानं कुठल्या कुठं जाते. फेब्रुवारीतच वन खातं जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढतं ते यासाठी. मोह वेचणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण पहाटे चारला उठून वाकून वाकून एकेक फूल वेचून पाहा, मग खालचा पाचोळा नको का वाटतो ते कळेल. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरणं हा त्यावरचा साधा उपाय.

हे विरळ, उघडं, सागाचं जंगल पर्यटकाला कमी सुंदर वाटतं, पण रानपिंगळ्याला हेच लागतं. हा छोटासा घुबडाचा भाऊबंद १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाच्या नोंदीत नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही. आज तो ज्या थोड्या जागी टिकून आहे त्यांत मेळघाट महत्त्वाचा. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तो वाघासाठी, पण त्याच्या आडोशाला असे कितीतरी जीव राहून गेले.

उन्हाळ्यात जनावरं जगतात ती डोहांवर. सेमाडोह या नावातच डोह आहे. डोहाची रचनाही त्या भाकरीच्या चवडीतूनच येते. नदी काळ्या फत्तरावरून वाहत असते, तो संपला की खालच्या मऊ थरावर पडते. मऊ थर कोरला जातो, खड्डा होतो, त्याचा काठ मात्र कठीण. पावसाळ्यात पूर गाळ धुऊन नेतो आणि खड्डा मोकळा ठेवतो. एप्रिलमध्ये नदी वाहायची थांबली की डोह एकामागोमाग सुटे सुटे उरतात, तुटलेल्या माळेच्या मण्यांसारखे. रानगवे, सांबरं, अस्वलं, वाघ, सगळ्यांची वर्दळ मग त्या मण्यांभोवती.

माणसांची वर्दळ झिऱ्याभोवती, म्हणजे नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्याभोवती असते. त्या दिवशी चिखलदरा पाहून झाल्यावर भाच्याला मुद्दाम एका गावाखालच्या नाल्यात नेलं. नाला पार कोरडा. एका वळणावर, कहूच्या मुळाशी, वाळूत हातभर खोल खड्डा, भोवती दगडांचं कडं. एक कोरकू बाई बसली होती, शेजारी पाणी भरायचे दोन गुंड, म्हणजे हंडे, आणि हातात स्टीलची वाटी. वाटीनं पाणी उपसायचं, गुंडात ओतायचं, मग थांबायचं. भाचा पुढे होऊन हात घालायला गेला तर तिनं अडवलं, "थांब बेटा, बैठने दे उसको." गढूळपणा खाली बसायला आणि खड्डा पुन्हा भरायला तीन-चार मिनिटं लागत होती. भाच्यानं मोबाइल काढून वेळ मोजली, आणि हिशोब केला. एखादा झरा मिनिटाला एकच लिटर देत असेल तरी चोवीस तासांत १,४४० लिटर होतात. रात्रभर ते वाळूत जिरतं, कुणाच्या गुंडात पडत नाही. झऱ्याच्या तोंडाशी एक झाकलेली बांधीव टाकी असती तर रात्रभराचं पाणी सकाळी भरलेलं मिळालं असतं. हे कुणी शोधून काढायची गोष्ट नाही, काही ठिकाणी अशा टाक्या आहेतही. इथं नव्हती.

दुसरा गुंड भरायला पाऊण तास लागला. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, भाच्यानं एक गुंड उचलून दिला. निघण्याआधी तिनं झिऱ्यावर एक चपटा दगड ओढला आणि वरून बाभळीची काटेरी फांदी टाकली. रात्री डुकरं येतात, लोळून सगळा चिखल करतात, म्हणाली.